जोडीच्या तारा

पहाटे साडेपाचच्या सुमारास, शेजारच्या वखारीतून येणारा तंबाखूचा उग्र दर्प दवाने अजून दडपलेला असतो आणि हमरस्त्यावरून कोल्हापूरच्या रोखाने जाणाऱ्या मालमोटारींची घरघर तेवढी दुरून कानी येत असते, अशा वेळी निपाणीच्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात माझा नातू भिंतीला पाठ लावून परीक्षेच्या पुस्तकापुढे बसलेला दिसतो. त्याच्या दोन्ही कानांतून निघालेल्या दोन बारीक काळ्या तारा हनुवटीखाली एकत्र येतात आणि तिथून एकच तार होऊन खिशातल्या फोनात उतरतात. मुलगा गाणी ऐकत अभ्यास करतो अशी माझी बरेच दिवस समजूत होती, आणि आमच्या पिढीच्या माणसाला शोभेल इतपत नाराजीही मी त्याबद्दल मनात बाळगून होतो. एके दिवशी चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवताना न राहवून विचारले, "काय ऐकायलास रे एवढं?"

"गाणं नाही आज्जा," तो म्हणाला, "नुसता आवाज आहे. डाव्या कानात दोनशे, उजव्या कानात दोनशे दहा. डोक्यात दहाची लाट तयार होते. मेंदू तिच्या मागनं चालतो आणि अभ्यासात लक्ष लागतं."

परीक्षा बँकेची, तिच्या पुस्तकांत व्याजाची आणि आगगाड्यांच्या वेगाची गणिते. त्या गणितांत लक्ष लागत नाही ही तक्रार मला समजण्यासारखी होती, पण तिच्यावरचा हा तोडगा मात्र समजेना. तेव्हा त्याने त्या तारा माझ्या कानांत घातल्या. आधी डावाच कान. पावसाळ्यात रस्त्यावरचे विजेचे रोहित्र गुणगुणते तसा सपाट, निर्विकार घुमारा. मग नुसता उजवा. तोच घुमारा, सुताएवढा चढा. आणि मग दोन्ही एकदम घालताच कवटीच्या बरोबर मधोमध, जिथे कोणतीही तार पोचलेली नव्हती तिथे, पारव्याने उडण्यापूर्वी पंख फडफडवावेत तशी एक अविरत फडफड सुरू झाली. ती डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. डावी तार काढली की ती नाहीशी होई, उजवी काढली तरी नाहीशी होई. मी चकित झालेला पाहून नातवाला उत्साह चढला आणि त्याने फोनवरचा आकडा बोटाने खाली सरकवायला आरंभ केला. दहावरून सहा, सहावरून तीन, तीनवरून एक. फडफड मंदावत मंदावत आधी थरथर झाली, मग हेलकावा झाला, मग खोल विहिरीत कळशी हलकेच वरखाली व्हावी तशी संथ हालचाल झाली, आणि दोन्ही आकडे सारखे होताच एकाएकी थांबली.

त्या थांबण्याला मी ओळखत होतो. साठ वर्षांपूर्वी, याच सोप्यात, याच भिंतीशी बसून मी ते शेकडो वेळा ऐकले होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही आणि निम्मे गाव अण्णा म्हणत असे, चिकोडीच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. दिवसभर फेरफार, उतारे, तगाईचे अर्ज आणि जमाबंदीचे तक्ते यांत बुडालेला हा मनुष्य घरी आला की कोट खुंटीला आणि टोपी कोनाड्यात ठेवून सरळ तंबोऱ्यापाशी जाई. ते गवई नव्हते; गळा बेताचा होता आणि त्याची त्यांना पुरती जाणीव होती. पण तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नसल्याने, गावात कुणाची बैठक ठरली की अण्णांना बोलावणे येई, आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच आपले काम आटोपून ते मागच्या ओळीत जाऊन बसत.

तो तंबोरा मिरजेचा. मिरजेत या वाद्यांचा कारखाना घालणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा, गेल्याच्या गेल्या शतकाच्या मध्यास, त्या घराण्याने पोलादाच्या पात्यावरून पोलादाच्या तारेवर हात फिरवायला घेतला, ही गोष्ट अण्णा अशा अभिमानाने सांगत की जणू ते घराणे त्यांचेच होते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यातला, दांडी तुणीच्या लाकडाची. चार तारा: पहिली पंचमाची, शेवटची खर्जाची पितळी, आणि मधल्या दोन एकाच षड्जात मिळवायच्या, त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. पंचम आणि खर्ज लावणे त्या मानाने सोपे. माणसाची परीक्षा होते ती जोडीत, कारण दोन तारा जितक्या एकमेकींच्या जवळ येतात तितके त्यांचे भांडण स्पष्ट ऐकू येते. एक तार सेकंदाला १४० वेळा आणि दुसरी १४२ वेळा कंप पावत असली, तर सेकंदातून दोनदा आवाज फुगतो आणि दोनदा ओसरतो; अंतर एकाचे उरले तर एकदा; अर्ध्याचे उरले तर दोन सेकंदांतून एकदा. शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पुढे याला विस्पंद असे नाव भेटले. अण्णांच्या कोशात एवढेच होते: हलतंय.

खुंटी पिळायची ती ढोबळ कामापुरती. नंतर घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. अण्णा डोळे मिटून भोपळ्यावर कान टेकत आणि मला जवळ बसवून विचारत, "ऐक. हलतंय?" मी म्हणे, "हलतंय." मणी सरके. "आता?" "हलतंय, पण सावकाश." पुन्हा मणी. मग अशी एक वेळ येई की हेलकावा इतका लांबे की तो संपला की अजून चाललाच आहे हे कळेनासे होई. मी श्वास रोखून धरी. आणि मग खोलीत कोणी दिव्याची काच पुसावी तसा आवाज एकदम स्वच्छ होई. अण्णा काही बोलत नसत. जवारीचा दोरा घोडीवर किंचित पुढे ओढून ते चारही तारांवरून बोटे फिरवीत, आणि त्या चार तारांतून पाचवा, सहावा, ज्याची तारच नाही असा गंधार खोलीभर पसरे. १९२१ साली रामन यांनी या वाद्याचा अभ्यास करून दाखवून दिले की घोडीच्या रुंद, किंचित वक्र माथ्यामुळे तंबोऱ्याच्या तारेतून असेही उपस्वर निघतात की जे, ज्या ठिकाणी ती छेडली त्या ठिकाणाचा विचार करता, जुन्या नियमाप्रमाणे निघूच नयेत. अण्णांना रामन वाचून ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, ज्यांनी डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर श्रुतींची मापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मुलकी खात्यातला माणूस मोजणीला बसला म्हणजे जमीन काय आणि स्वर काय, बांध बरोबर घालतो, असे अण्णा म्हणत.

आता, ज्याला आमची भाषा येते त्याच्या ध्यानात एक गंमत आली असेल. तंबोरा लागतो. सूर लागतो. लक्षही लागते, झोप लागते, तंद्री लागते, ठेच लागते, भूक लागते आणि क्वचित आगही लागते. या सगळ्यांत माझे कर्तृत्व किती आणि माझ्यावर येऊन आदळलेले किती, याचा पत्ता ते क्रियापद लागू देत नाही. उलट अवधान मात्र द्यावे लागते. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या तोंडाशी श्रोत्यांजवळ अवधान मागितले ते याच अर्थाने. ते श्रोत्यांच्या पदरी आहे, त्यांनी ते काढून द्यायचे आहे, अशा विश्वासाने. माझ्या नातवाला लक्ष लागायला हवे आहे. ते कोणाला द्यायचे असते ही कल्पना, व्याजाच्या गणितांकडे पाहता, त्याला सुचली नाही यात त्याचा फारसा दोष नाही.

कानांतल्या या लाटेचे कुळ मी मग हळूहळू शोधून काढले. तंबोऱ्यातले हलणे आणि त्या फोनमधले हलणे दिसायला जुळ्या भावांसारखे, पण त्यांच्या जन्मकथा निराळ्या आहेत. जोडीच्या तारांचे भांडण हवेत चालते. खोलीत कोणी नसले तरी हवा फुगते आणि ओसरते. एकच कान असलेल्या माणसालाही ते ऐकू येईल. पण हाइनरिश विल्हेल्म डोव्ह या बर्लिनच्या प्राध्यापकाने १८४० च्या सुमारास दोन नादकाटे, किंचित वेगळ्या स्वरांचे, एक एका कानाला आणि दुसरा दुसऱ्या कानाला असे लावून पाहिले, आणि हवेत कुठेही न मिसळलेले ते दोन स्वर माणसाच्या डोक्यात मात्र हेलकावू लागले. हा डोव्ह खरा वाऱ्यांचा अभ्यासक. वारे कसे वळतात, ऋतू कसे फिरतात याची टिपणे ठेवण्यात त्याचे आयुष्य गेले. त्याच्या या लहानशा शोधाकडे पुढे शंभरावर वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९७३ साली न्यूयॉर्कच्या गेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला, आणि तेव्हापासून हे बाड अडगळीतून बाहेर आले.

दोन कानांचे निरोप मेंदूच्या देठाशी, ऑलिव्ह फळाच्या आकारावरून ज्यांना नाव मिळाले अशा पेशींच्या पुंजांत, पहिल्यांदा एकत्र येतात. त्या पुंजांचे काम वाचले तेव्हा मला कचेरीतला एक जुना शब्द आठवला: रुजवात. गावच्या चावडीतले दप्तर आणि तालुक्याचे दप्तर शेजारी शेजारी मांडून, नोंदीला नोंद ताडून पाहायची, फरक असेल तिथे बोट ठेवायचे, याला रुजवात घालणे म्हणत. आपल्या कवटीत असा एक रुजवातीचा कारकून जन्मभर बसलेला आहे. डाव्या दारातून आलेला आवाज आणि उजव्या दारातून आलेला तोच आवाज यांच्या वेळांत किती फरक पडला, एवढेच तो पाहतो. तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि त्यावरून तो निकाल देतो की आवाज कुठल्या अंगाने आला.

माझ्या लहानपणी उसाच्या हंगामात रात्री गाड्या जात. अंथरुणात पडल्या पडल्या बैलांच्या गळ्यांतली घुंगरे ऐकू येत, आणि अंधारात काहीही न दिसता मला नेमके सांगता येई की गाडी आता मठाच्या अंगाला आहे, आता आडाशी आली, आता वळली. कधी धुके इतके दाट उतरे की सकाळी तवंदीच्या घाटातून खाली येणारे वाहन डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी कानांना दिसे. त्या वेळी हे कसब मला माझे वाटे. आता कळते की तो बिचारा कारकून रात्रपाळी करीत होता. त्याच कारकुनापुढे ही फोनमधली दोनशे आणि दोनशे दहाची बनावट दप्तरे ठेवली, की तो इमानाने त्यांचीही रुजवात घालू लागतो. नोंदी क्षणात जुळतात, क्षणात फाटतात, पुन्हा जुळतात, आणि त्याचे ते सेकंदाला दहा वेळा मान हलवणे आपल्याला फडफडीसारखे ऐकू येते. स्वर फार उंच असले, हजार-पंधराशे कंपनांच्या पलीकडचे, तर त्याला हा ताळा साधत नाही. दोन स्वरांत तिसाच्या वर अंतर पडले तर तोही नाद सोडून देतो; मग दोन कानांत दोन वेगवेगळे सूर, एवढेच उरते. हलायचे तर जवळ असावे लागते.

मेंदूच्या लहरींची गोष्ट मात्र दुसऱ्याच गावाहून सुरू होते. जर्मनीतल्या येना येथील हान्स बर्गर हा मनोरुग्णांचा डॉक्टर. तरुणपणी लष्करात असताना त्याचा घोडा उधळला, तो खाली पडला आणि तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली: सुखरूप आहेस ना? दूर राहणाऱ्या बहिणीच्या मनाने एकाएकी घेतले होते की भावावर काही संकट आले. (मराठीत तीही तारच म्हणवते, हे इथे नोंदवून ठेवतो.) मनातून मनाकडे असे काय गेले असेल, या एका प्रश्नाने बर्गर जन्माचा झपाटला. ते त्याला कधीच सापडले नाही. त्याचा शोध घेता घेता १९२४ साली त्याने माणसाच्या डोक्यावरून विजेच्या अत्यंत क्षीण लहरी टिपल्या, पाच वर्षे कोणाला न सांगता पुन्हा पुन्हा पडताळून पाहिल्या, आणि १९२९ साली प्रसिद्ध केल्या. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसलेला असताना सेकंदाला आठ ते तेरा, ठोकळ मानाने दहा, अशा लहरी ठळक उमटत. त्यांना त्याने ग्रीक वर्णमालेतले पहिलेच अक्षर दिले, अल्फा.

परंतु मला या कथेतला भिडलेला तपशील निराळाच आहे. डोळे उघडले की ती लहर मोडे. डोळे मिटलेलेच ठेवून मनातल्या मनात एखादे गणित घातले, तरी ती दबून जाई. म्हणजे मन निवांत असते तेव्हा ते हलते, आणि कुठेतरी लागले की हलायचे थांबते! अण्णांनी हे वाक्य ऐकले असते तर त्यात नवीन काय, अशा मुद्रेने ते माझ्याकडे पाहत राहिले असते.

आणि इथे मला माझ्या नातवाची, म्हणजे खरे तर त्याच्या सगळ्या पिढीची, एक चमत्कारिक उलट चाल दिसू लागली. जे हलणे घालवण्यासाठी माझ्या वडिलांनी आपले सगळे अवधान एका मण्यावर ओतले, तेच हलणे हा मुलगा अवधान मिळावे म्हणून कानात घालून घेतो. हेतू दोघांचा एकच असेल. पण एकाच्या हाती मणी होता आणि दुसऱ्याच्या कानात तार आहे, आणि या दोहोंतला फरक माझ्या दृष्टीने लहान नाही.

फोनवर ही लाट विकणारे जी आश्वासने देतात त्यांच्याविषयी मी फार लिहिणार नाही. दहाची लाट शांतीची, वीसची तरतरीची, चाळीसची बुद्धीची, चारची झोपेची, अशी ती औषधी दुकानातल्या बरण्यांसारखी मांडलेली असतात. मेंदूची लहर खरोखरच बाहेरच्या तालाला धरून चालू लागते का, याविषयीच्या १४ प्रयोगांचा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाचांची साक्ष अनुकूल, आठांची प्रतिकूल आणि एकाची धड इकडे ना तिकडे. दुसऱ्या काही पंडितांना स्मरण आणि अवधान यांत थोडासा फायदा दिसलाही आहे. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर प्रकरण तहकूब आहे, निकाल लागलेला नाही, आणि दरम्यान माल मात्र खपतो आहे.

एक गोष्ट मला त्या फोनच्या निमित्ताने नव्याने दिसली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गवई बैठकीत बसतो तेव्हा त्याच्या मागे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, असे दोन तंबोरे असतात. ही मांडणी मी जन्मभर पाहिली, पण दोन तंबोरे कशाला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शोभेसाठी आणि शिष्यांची सोय म्हणून, असे वाटे. आता वाटते, त्या दोन कानांच्या मधल्या जागेत गवयाला काय ऐकू येत असेल ते समोर बसलेल्या आपल्याला कधीच ऐकू येत नाही. बेळगावपासून जवळच सुळेभावी हे गाव आहे. मिरजेहून बेळगावला जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर त्याची पाटी दिसते. तिथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा जन्मला, ज्याला पुढे जग कुमार गंधर्व म्हणू लागले. त्यांचा तंबोऱ्यांविषयीचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. कृष्णेचा पूल मागे टाकून, कुडची, रायबाग, घटप्रभा करीत ती गाडी सुळेभावीला आली की अण्णा न चुकता खिडकीशी सरकत. दिसायला तिथे काहीच नसे. थोडी ज्वारी, थोडी बाभळ.

बेळगावला ते मला एका बैठकीला घेऊन गेले होते. गवई कोण होते ते आता आठवत नाही, कारण विलंबित ख्याल सुरू होताच मी अण्णांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेलो. पण त्याआधीची पाऊण घटका लख्ख आठवते. अण्णांच्या हट्टामुळे आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोचलो होतो. सतरंजीवर मोजून सात-आठ माणसे, पेट्रोमॅक्सची भक् भक्, आणि ते दोन तंबोरे एकमेकांशी मिळवणे चाललेले. एका तंबोऱ्याची जोड लागली, दुसऱ्याची लागली, आणि मग दोन्ही एकदम वाजवले तर ते एकमेकांत हलू लागले. पुन्हा आरंभ. कोणी कंटाळले नाही. मागे बसलेला एक म्हातारा कानडीत पुटपुटला, "इन्नू स्वल्प." म्हणजे, अजून थोडे. अण्णांनी मान डोलावली. त्या दोघांची ओळख नव्हती.

आमच्या भागात राहणाऱ्या माणसाला इथे एक दृष्टांत खुणावू लागतो, आणि तो इतका आयता आहे की त्याच्यापासून जपून राहावेसे वाटते: एका कानात मराठी, दुसऱ्या कानात कानडी, आणि मध्ये हेलकावणारा सीमाभाग. घरातल्या जुन्या रेडिओवर एका बाजूला धारवाड लागे, १९६३ नंतर दुसऱ्या बाजूला सांगली. आणि रात्री उशिरा दूरदूरची केंद्रे एकमेकांच्या अंगावर चढू लागली की मधल्या रित्या जागेत एक शीळ उठे, जी कोणत्याच केंद्राने सोडलेली नसे. ती शीळही शास्त्राप्रमाणे विस्पंदच. दृष्टांत असा पायाशी लोळत आला तरी मला तो पुरता पटत नाही. कानडी आणि मराठी यांत अंतर पुष्कळ आहे. ती तिसाच्या पलीकडली माणसे आहेत, दोन कानांत दोन सूर म्हणून सुखाने नांदणारी. आमच्या अण्णा, आक्का, तूप आणि अडकित्ता यांची रुजवात कधीच पुरी झाली असून त्यांवर कोणाची हरकत नाही. हलते ते फार जवळ असलेले. ज्या गावाला १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकार बेळगावी म्हणते त्याला आम्ही बेळगाव म्हणतो. फरक शेवटच्या एका दीर्घ ईचा. तेवढ्यावर सगळा मुलूख हलतो आहे.

शेजारच्या आक्का दुपारी आमच्याच कट्ट्यावर सूप मांडीत घेऊन विड्या वळायला बसतात. ओलसर पान कात्रीने कापायचे, चिमटीने जर्दा पसरायचा, पान वळायचे, तोंड नखाने मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस झाल्या की कट्टा. मजुरी हजारावर. या कामात त्यांचे लक्ष असते की नसते हे मी पन्नास वर्षे पाहत असूनही सांगू शकणार नाही. त्या माझ्या सुनेशी मराठीत बोलतात, पलीकडच्या दारातल्या बाईला कानडीत उत्तर देतात, रस्त्यावरून जाणाऱ्या पोराला दम देतात, आणि विडीची लांबी एका जवाएवढीही चुकत नाही. मध्येच त्या गप्प होतात आणि नुसती कात्री वाजते. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर बर्गरचे यंत्र बसवले असते तर त्याची लेखणी हलली असती की थांबली असती, याचे मला कुतूहल आहे. आक्कांना विचारले तर म्हणाल्या, "लक्ष कशाला पायजे? हाताला ठावं हाय की."

गेल्या महिन्यात पुढची गोष्ट घडली. नातवाची परीक्षा जवळ आली होती, आणि चार-पाच दिवस तो पहाटे अभूतपूर्व निष्ठेने बसत होता. पानांमागून पाने गणिते. तारा कानांत होत्याच. "लाट चांगली लागली की रे," मी म्हटले, तर तो हसून म्हणाला, "आज्जा, आता कुठं जमायला लागलंय." तो आंघोळीला गेला तेव्हा सहज म्हणून मी त्या तारा कानांत घातल्या. डावीकडून घुमारा आला. उजवीकडे काहीच नाही. हनुवटीखाली जिथे दोन तारा एकत्र होतात तिथे उजवी आतून तुटली होती. वरचे काळे वेष्टन तेवढे शाबूत. फडफड नाही, हेलकावा नाही, मधोमध काही नाही. एक सपाट आवाज एका कानात घेऊन मुलगा चार दिवस आगगाड्यांचे वेग काढीत होता, आणि उत्तरे, मी वही उघडून ताडून पाहिली, बहुतेक बरोबर होती.

मी तारा होत्या तशा ठेवून दिल्या. सांगावे की न सांगावे याचा विचार करीत असताना माझी नजर कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे गेली. अण्णांमागे त्याला हात लागतो तो दसऱ्याला, पुसण्यापुरता. गवसणी काढली. पंचमाची तार गंजली होती, पण जोडीच्या दोन्ही शाबूत होत्या. मांडी घालून बसायला आता वेळ लागतो. खुंट्यांना खडू घासून त्या पिळल्या, तारा जवळ आणल्या, आणि भोपळ्याला कान लावून मणी सरकवू लागलो. म्हातारपणी उजवा कान थोडा जड झाला आहे. डाव्याने पाहिले, मग उजव्याने, मग पुन्हा डाव्याने. हेलकावा लांबला. आणखी लांबला. मला वाटले, लागले.

ओल्या केसांनी नातू सोप्यात आला होता. त्याने एक तार कानात घातली होती, दुसरी गळ्यात तशीच लोंबत होती. पुस्तक उघडता उघडता तो थांबला आणि मान किंचित कलती करून म्हणाला,

"आज्जा, अजून हलायलंय."

मी मणी केसभर मागे घेतला.